माथ्याचे पाणी, पायथ्याची मिरास

रायपुराहून दक्षिणेस धमतरी, आणि धमतरी मागे टाकून पुढे गेले की नगरी-सिहाव्याचा जो डोंगराळ, सालवनांनी वेढलेला मुलूख लागतो, तो महानदीचे उगमस्थान असल्यामुळे श्रद्धाळूंना पूज्य आणि पाटबंधारे खात्याला प्रिय झालेला आहे. या मुलखात आणि त्याच्या उंबरठ्यावर मुरूमसिल्ली, दुधावा, सोंढूर व गंगरेल असे चार जलाशय गेल्या शतकभरात उभे राहिले. त्यांच्या पाण्यावर सपाटीवरचे धान पिकते, भिलाईच्या पोलाद कारखान्याची तहान भागते, आणि उन्हाळ्यात खारून नदी आटू लागली म्हणजे आम्हा रायपूरकरांच्या नळांनाही गंगरेलच्याच पाण्याचा आधार असतो. परंतु ज्या टेकड्यांवरच्या पावसाने हे जलाशय भरतात, त्या टेकड्यांच्या उतारावर नांगर धरणारा गोंड वा हलबा शेतकरी, कालव्याच्या ओघात आलेला थोडा सपाट पट्टा वगळला तर, भाद्रपद सरता सरता आजही आभाळाकडेच डोळे लावून बसतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण महाराष्ट्रात जन्मली असेल. तिचे उदाहरण दाखवायचे झाले तर मी वाचकाला सिहाव्याला घेऊन जाईन.

छत्तीसगडच्या एका कोपऱ्यातील हे गाऱ्हाणे मराठी वाचकापुढे का मांडावे, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर इतिहासात आहे. बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले तेव्हापासून नागपूर आणि छत्तीसगड यांचा सांधा जुळला, पुढे इंग्रजी अमलात दोन्ही मध्यप्रांतात राहिले, आणि १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत भंडारा, चांदा व रायपूर या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला एकच महसुली कायदा, एकच मालगुजारी आणि तिच्या अंतानंतरची एकच अनास्था अनुभवावी लागली. येथे जे बिघडले तेच पूर्व विदर्भात बिघडले आहे. येथे जे सुधारेल ते तेथेही सुधारण्याजोगे आहे.

आरंभ दुष्काळापासून करावा लागतो. १८९७ आणि १९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताची दैना केली, आणि पावसाच्या या प्रदेशाला पाटबंधाऱ्यांची गरज नाही हा सरकारी समज कायमचा मोडला. १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोगाने हिंदुस्थानभर चौकशी केली. त्यानंतर छत्तीसगडात कामांची रांग लागली. रुद्रीचा बंधारा १९१५ साली, तांदुळा धरण १९२१ साली, आणि सिल्लारी नदीवरचे मुरूमसिल्ली धरण १९२३ साली पुरे झाले. मुरूमसिल्लीच्या भिंतीत जादा पाणी ठरावीक पातळीला आपोआप ओढून बाहेर टाकणारे सायफन आहेत, आणि शंभर वर्षांनंतरही पावसाळ्यात ते चालू झाले म्हणजे पाहायला गर्दी लोटते. त्या काळच्या अभियंत्यांच्या बुद्धीविषयी मला आदरच वाटतो. परंतु त्यांच्या योजनेत डोंगर हा केवळ पाणी गोळा करण्याचे पात्र होता, आणि शेतकरी म्हणून ज्याचा विचार करायचा तो मनुष्य खाली सपाटीवर राहत होता. ही दृष्टी दुधाव्याला, गंगरेलला आणि सोंढूरला स्वतंत्र भारताने वारशाने उचलली, आणि वारसा उचलताना तिची फेरतपासणी करण्याची तसदी कोणी घेतली नाही.

सपाटीवरचा शेतकरी तरी या व्यवस्थेत सुखी होता काय? धमतरीजवळच्या कंडेल गावाने १९२० साली त्याचे उत्तर दिले. कालव्याच्या पाण्यासाठी सरकार गावांकडून दहा वर्षांचे करारनामे लिहून मागत होते, आणि गावकऱ्यांचा हिशेब असा होता की करारापोटी जी रक्कम भरायची तेवढ्यात गावाचा स्वतःचा तलाव उभा राहील. गावाने करार नाकारला. तेव्हा कालव्याचे पाणी चोरल्याचा आळ घालून दंड बसवण्यात आला आणि वसुलीसाठी गुरे जप्त झाली, पण लिलावात बोली बोलायला कोणी पुढे येईना. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांनी चालवलेला हा लढा सरकारच्या माघारीने संपला. आज या सत्याग्रहाचे स्मरण राष्ट्रीय चळवळीचे एक पान म्हणून होते, ते योग्यच आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला हिशेब आपण विसरलो. दूरच्या धरणाचे भाडेकरी होण्यापेक्षा आपल्या शिवारातल्या तलावाचे धनी व्हावे, हे कंडेलच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्याला कळत होते, आणि सपाटीपेक्षा डोंगरात ते शतपटीने खरे आहे, कारण कालव्याचे पाणी उतारावर वर चढत नाही.

आता त्या उताराकडे पाहू. या भागात वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हेवा वाटावा इतका. मात्र तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांतही खंड पाडून पडतो. शेतकरी जमिनीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावे देतो. माथ्याजवळची मुरमाड, तांबडी भाटा पाणी धरत नाही. जसजसे खाली यावे तसतशी माती जड होत जाते. त्याचप्रमाणे उंचावरचे कोरडे शेत ते टिकरा आणि दोन उतारांच्या बेचक्यातले, ओल धरून राहणारे शेत ते बहरा. येथे धान बहुतांशी फेकून पेरतात, आणि रोप महिनाभराचे झाले, बांधीत बोटभर पाणी साचले, की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. या कामाला बियासी म्हणतात. ऐन बियासीच्या वेळी पाऊस रुसला तर नांगर थांबतो आणि तण माजते. आणि धान निसवण्याच्या वेळी हस्ताचा पाऊस चुकला तर पळींज हाती येते. वर्षाच्या साऱ्या पावसाचा प्रश्न अशा प्रकारे दोन नेमक्या पाण्यांवर, प्रत्येकी दोन-तीन इंचांच्या, येऊन ठेपतो.

याचे गणित अवघड नाही. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे दोनशे घनमीटर लागते. वीस मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तीन मीटर खोल डबरी खणली, तर काठ उतरते धरूनही ती साडेआठशे घनमीटर पाणी धरते. बाष्पीभवन आणि झिरपा वजा जाता तीन एकर धानाला एक संरक्षक पाणी मिळावे. गणित इतके सरळ असल्यामुळेच सरकारने रोजगार हमीतून गावोगाव डबऱ्या खणवल्या. मग त्यांतल्या कित्येक आश्विनातच कोरड्या का पडतात?

एक कारण उघड आहे. काम मोजायचे ते मातीच्या घनमीटरांत, पाण्याच्या नव्हे. म्हणून माती जेथे मऊ आणि मोजमाप जेथे सोपे तेथे खड्डा पडतो, मग पावसाचे पाणी तिकडे येवो अथवा न येवो. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा जो मोठा प्रयोग केला, त्यातही खडी आणि माती यांचे ढीग पाण्याआधी वाढत गेल्याचे आपण पाहिलेले आहे. परंतु मला जे कारण अधिक मूलगामी वाटते ते निराळे आहे, आणि त्याचा उल्लेख अहवालांत क्वचितच असतो. सपाट जमिनीवर शेततळे खणणाऱ्याला त्याच्या श्रमाचे फळ आपल्याच शेतात मिळते; उतारावर तसे होत नाही. टिकऱ्यावरच्या मुरमात जो डबरी खणतो, बांध घालतो, समपातळीचे चर काढतो, त्याचे पाणी जमिनीत मुरते आणि महिनाभराने खाली दुसऱ्याच्या बहऱ्यात पाझरून वर येते. म्हणजे घाम वरच्याचा आणि ओल खालच्याची. उलट वरच्याने आपले झाड तोडले, आपला उतार उघडा केला, तर त्याचा गाळ खालच्याच्या बांधीत आणि अखेर गंगरेलच्या तळाशी जाऊन बसतो. डोंगरात कोणतेही पाणी एका खातेदाराचे नसते. म्हणून तेथे सिंचनाचा पहिला दगड रचण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या माणसांमध्ये करार व्हावा लागतो, आणि तो करार कोठेतरी लिहिलेला असावा लागतो. ‘माथा ते पायथा’ हा मंत्र आमचे जलसंधारणवाले अहोरात्र जपत असतात. पण माथ्याचा आणि पायथ्याचा मालक वेगवेगळा असतो हे त्या मंत्रात येत नाही.

जुन्या गावांना हे ठाऊक होते. छत्तीसगडातले आणि भंडारा-चांद्याकडचे तलाव एकाच बुद्धीने बांधलेले आहेत: ओढ्याच्या बेचक्यात मातीची पाळ, तिच्यात पाणी सोडण्याचे तुडूम, खाली एकाखाली एक उतरत गेलेल्या बांध्या, आणि पहिल्या तलावाचे जादा पाणी धरायला पुढची बोडी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव अजून आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी लोकांनी ते बांधले, आणि लोक त्यांना आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. पाळीची डागडुजी, गाळाचा उपसा, पाण्याची पाळी, मासेमारी, गाळपेर या प्रत्येकाचा दस्तूर ठरलेला होता. मालगुजार हा काही साधुपुरुष नव्हता. पहिले पाणी त्याच्या घरच्या शेताला जाई, आणि गावाच्या श्रमदानात बेगारीचा अंश बराच असे. त्या काळाचे उमाळे मला येत नाहीत. परंतु १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हा मालक बदलला एवढेच नव्हे, तर दस्तूरही अनाथ झाला. सरकारने तलाव ताब्यात घेतले, पाणीपट्टी बसवली, आणि पाळ कोणी बांधायची याविषयी मात्र मौन पाळले. गावाला वाटले तलाव आता सरकारचा. सरकारला वाटले तलाव लहान, तो गावाचा.

वास्तविक कायद्यात या दस्तुराला जागा होती, आणि आजही आहे. छत्तीसगडात अद्याप लागू असलेल्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत दोन दप्तरे सांगितली आहेत: कलम २३४ प्रमाणे निस्तार पत्रक, ज्यात गावाच्या सामाईक जमिनीचा, चराईचा, सरपणाचा वहिवाटीचा बंदोबस्त लिहायचा, आणि कलम २४२ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज, ज्यात सरकारच्या अथवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या वा ताब्यातील नसलेल्या जमिनीवरील आणि पाण्यावरील गावाच्या रूढी, त्यांत सिंचनाचा व मासेमारीचा हक्क स्पष्ट नाव घेऊन, नोंदवायच्या. दिल्ली-आग्र्याच्या दप्तरखान्यातून आलेला हा शब्द तरुण अधिकाऱ्याच्या कानाला मोडकळीस आलेल्या कचेरीसारखा लागतो. परंतु जलसाक्षरतेच्या शेकडो शिबिरांत जे सांगितले जात नाही ते त्यात आहे. पटवाऱ्याच्या बस्त्यातून तो कागद बाहेर काढला तर पुष्कळ गावांत तो एक तर कोराच सापडतो, नाही तर दोन पिढ्यांपूर्वीच्या नोंदींवर थांबलेला. नव्या डबऱ्या, नवे बंधारे, सौरपंप यांपैकी कशाचीही वहिवाट त्यात उतरलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की डोंगरी गावाचा माथा तर जंगल खात्याच्या हद्दीत. तेथे पटवाऱ्याची लेखणी चालत नाही. आक्षेप खरा आहे. ओढ्याचा उगम राखीव जंगलात, मधला उतार खातेदारांचा, आणि पायथ्याचा ओढा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर. अशा तीन खात्यांच्या वाटणीत एकसंध पाणलोट राहतच नाही. परंतु याही गाठीचा उलगडा कायद्यात झालेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची शिफारस असल्यास तलाव, पाणी साठवण्याची कामे आणि लहान सिंचन-कालवे यांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, मात्र हेक्टरी पंचाहत्तरांपेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन पंचायतीकडे सोपवले, आणि नगरीचा विकासखंड अनुसूचित क्षेत्रातच मोडतो. याच विकासखंडातील जबर्रा गावाला २०१९ साली पाच हजार हेक्टरांहून अधिक जंगलावर सामुदायिक वनसंपदेचा हक्क मिळाला. या हक्काकडे आपण महुआ, चार आणि तेंदूपान यांच्या दृष्टीने पाहतो. त्याच जंगलातून गावाचा ओढा निघतो, आणि ज्याच्या हाती माथा त्याच्या हाती ओढ्याची नाडी, या दृष्टीने अजून कोणी फारसे पाहिलेले दिसत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली आपल्या जंगलाचा हक्क मिळवला आणि धुळ्याकडील बारीपाड्याने जंगल राखता राखता आपल्या विहिरींचे पाणी वाढवले. त्यांचा अनुभव नगरीच्या ग्रामसभांना डोळ्यांनी पाहता यावा, एवढे जरी दोन्ही राज्यांच्या सरकारांनी केले तरी पुष्कळ झाले.

हक्क लिहायचा म्हणजे तो कोणाचा लिहायचा, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. बहुतेक पाणीवाटप जमिनीच्या मापाने होते, आणि ज्याची जमीन अधिक त्याला पाणी अधिक. डोंगरात याचा अर्थ असा की बहऱ्याच्या मालकाला सगळे आणि टिकऱ्याच्या मालकाला उरलेसुरले, आणि बांबूच्या टोपल्या विणून पोट भरणाऱ्या भूमिहीन कमाराला काहीच नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा जो प्रयोग मांडला त्याचे मोल येथे कळते: पाणी जमिनीवर नव्हे तर डोक्यावर, माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबास कमाल अडीच एकरांचे; भूमिहीनाचाही वाटा; ऊस वर्ज्य; आणि जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकले जात नाही. त्या प्रयोगाला मर्यादा पडल्या, पुष्कळ योजना वीजबिलापायी आणि साखरेच्या मोहापायी मोडल्या, हे मी लपवीत नाही. परंतु भूमिहीनाला पाण्याचा वाटा देणे हे औदार्य नसून व्यवहार आहे, याचा पुरावा शिवालिकच्या पायथ्याशी सुखोमाजरी गावात मिळतो. तेथील बोडक्या टेकड्यांचा गाळ चंडीगडच्या सुखना तलावात भरू लागला, तेव्हा सत्तरीच्या दशकात गावात मातीचे लहान बांध घातले गेले. पण गुरे डोंगरावर चरणे थांबले ते पाण्याचा सारखा वाटा प्रत्येक घराला, भूमिहीनालाही, मिळाला तेव्हा. ज्याला ओढ्यात वाटा नाही त्याने डोंगर का राखावा?

धानाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, जरी या प्रदेशात धानाविरुद्ध बोलणे हे जवळजवळ देवद्रोह समजले जाते. खरिपातले धान सरकार आज क्विंटलला ३१०० रुपये देऊन, एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी करते. त्यामुळे ज्या टिकऱ्यावर पूर्वी कोदो-कुटकी होई तेथेही धानाची बांधी पडू लागली आणि मुरमाला पाण्याची न भागणारी तहान लागली. सपाटीवर याच्याही पुढची पायरी गाठली गेली आहे: बोअरवेलच्या जोरावर उन्हाळी धान, ज्याच्यापायी धमतरीकडचे भूजल खोल जाऊ लागले. धमतरीजवळच्या परसतराई गावाने एकमुखाने उन्हाळी धान सोडून हरभऱ्यासारख्या कमी पाण्याच्या पिकांकडे वळण्याचा निर्णय घेतला, तो हिवरे बाजारने ऊस आणि सिंचनाच्या बोअरवेली यांना जी बंदी घातली तिच्याच जातीचा आहे. डोंगरात ही चूक होण्यापूर्वीच थांबवता येईल. २०१६ पासून सौर सुजला योजनेतून पंप मिळू लागले. ऊन फुकट, वीजबिल नाही, म्हणजे ओढा शेवटच्या थेंबापर्यंत उपसायला कोणतीही रोकटोक उरली नाही. पंप द्यावा, अवश्य द्यावा. पण ग्रामसभेच्या पाळीपत्रकाशिवाय दिलेला पंप हा वरच्या शेतकऱ्याच्या हाती खालच्याचे पाणी तोडण्याचे हत्यार ठरतो. उभ्या धानातच तिवरा, म्हणजे आपली लाखोळी, टाकण्याची उतेऱ्याची जुनी रीत येथे अजून जिवंत आहे. उरल्या ओलीवर येणारे ते पीक एक संरक्षक पाणी मिळताच दुप्पट भरवशाचे होते. डोंगरातल्या डबरीचे काम एवढेच, आणि एवढे पुरेसे आहे.

शेवटचा आक्षेप खालून येतो, आणि तो वजनदार असल्यामुळे त्याचे उत्तर आकड्यांनी दिले पाहिजे. डोंगराने पाणी अडवले तर गंगरेल कसे भरेल? गंगरेलचा उपयुक्त साठा पाऊणशे कोटी घनमीटरांहून अधिक आहे. नगरीच्या उतारांवर वर सांगितलेल्या मापाच्या हजार डबऱ्या खणल्या आणि त्या काठोकाठ भरल्या, तरी ते पाणी त्या साठ्याच्या नऊशेव्या हिश्श्याच्या जवळपास जाते. आणि त्यातलेही जे मुरते ते पुढे हिवाळ्यात ओढ्यांतून खालीच येते, शिवाय गाळ वर अडल्यामुळे जलाशयाचे आयुष्य वाढते. तेव्हा खालच्याचे नुकसान नगण्य आणि लाभ निश्चित. मग त्या लाभाचे मोल खालच्याने द्यायला नको काय? कारखान्यांकडून सरकार पाण्याची किंमत घेते, शहर पाणीपट्टी भरते. त्यातला ठरावीक अंश उगमाकडच्या ग्रामसभांच्या खात्यावर, जंगल राखण्याच्या आणि पाळी दुरुस्त ठेवण्याच्या अटीवर, दरसाल जमा व्हावा. रायपूर या मागणीला नाके मुरडील. ज्या शहराने आपल्या तेलीबांधा तलावाच्या काठाला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणत तेथे हवा खाण्याची सोय केली, आणि बुढा तलाव आक्रसत असता डोळेझाक केली, त्याने डोंगरवासीयांना जलसंधारणाचे धडे देण्यापूर्वी पाण्याचे देणे चुकते करावे, हे माझे म्हणणे मी या शहराचा रहिवासी म्हणूनच मांडतो.

कामाचा क्रमही यातूनच निघतो. धान घरात आल्यावर, पौष-माघात, पटवाऱ्याने ग्रामसभेसमोर वाजिब-उल-अर्ज वाचावा आणि त्यात ओढ्यागणिक लिहावे की पाणी कोणत्या पाळीने, कोणत्या पिकाला, किती घरांत वाटायचे. भूमिहीनाचा वाटा कोणता, आणि तो त्याने गावातच दुसऱ्याला दिला तर त्याचा मोबदला काय. गाळ कोणी, कोणत्या महिन्यात काढायचा, आणि काढलेला गाळ कोणाच्या टिकऱ्यावर टाकायचा. वरच्या उतारावर चर काढणाऱ्याला खालच्या बहऱ्याने किती पायली धान द्यायचे. आणि पंपाचे तास किती. या नोंदीवर ग्रामसभेची सही आणि तहसीलदाराचा शिक्का पडल्याखेरीज त्या ओढ्यावर एकाही डबरीला, बंधाऱ्याला वा पंपाला मंजुरी मिळू नये. याला एक वर्ष जास्त लागेल. बांधकामाच्या अंदाजपत्रकात असे एक रिकामे वर्ष दाखवायला कोणताही कार्यकारी अभियंता राजी होणार नाही, कारण मार्चअखेर न खर्चलेला पैसा परत जातो. तेव्हा पहिली दुरुस्ती नगरीच्या डोंगरात नव्हे, तर रायपुराशेजारी नवा रायपूर म्हणून जे वसवले आहे तेथील मंत्रालयाच्या वित्त विभागाच्या नियमावलीत करावी लागेल.